दुसऱ्याच्या कमरेची किल्ली

कुंभेरी, रहिमतपूर मार्गे
मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी

धोंडिराम,

थोरला भाऊ म्हणून तुला आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून तो पत्राच्या आरंभी लिहीत नाही. अखेरीस लिहीन, तोवर तू वाचत राहिलास तर.

नऊ वर्षांनी लेखणी उचलली, त्याला कारण आनंदाचे आहे. आपल्या कैलासवासी दादांचा जयराज परवा सरपंच झाला. अकरा मतांनी झाला, पण झाला. दादा असते तर त्यांनी भैरवनाथाला अकरा नारळ फोडले असते आणि बारावा कोणाच्या तरी डोक्यात.

जयराजच्या विरुद्ध कृष्णात ड्रायव्हरची बायको संयोगिता उभी होती. तुला ती आठवेल. रहिमतपूर–सातारा गाडीवर पंधरा वर्षे कंडक्टर होती; नोकरीचा राजीनामा देऊन निवडणुकीत उतरली. तिचा पक्ष आणि त्याचा विचार मला मान्य नाही, हे आधीच स्पष्ट करतो. देवधर्म ज्याने त्याने आपल्या उंबऱ्याआत करावा, यात्रेला ग्रामनिधी देऊ नये, देवस्थानच्या वास्तू गावाच्या कामाला खुल्या कराव्यात, असे ती चौकाचौकात सांगत होती. मी तिच्या विरोधात मत दिले, आणि आठ सभांत तिचे मुद्दे शास्त्राधाराने खोडून काढले.

आता जे झाले ते ऐक. विजयाची मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मागे गुलाल, मध्ये ट्रॅक्टरवर जयराज, डोक्यापासून पायापर्यंत असा लाल की मारुतीच्या देवळात उभा केला असता तर लोकांनी तेल वाहिले असते. ती मिरवणूक संयोगिताच्या दारात कशी काय थांबली, कोण जाणे. पोरांनी तिच्या उंबऱ्यासमोर फटाक्यांची हातभर जाडीची माळ अंथरली. आपल्याकडे पराभूताच्या दारी हा प्रसाद देण्याची रीत आहे आणि ती चांगली नाही, हे तूही म्हणायचास.

दार उघडले. बाई बाहेर आली ती हातात ताट घेऊन. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. सगळे कसे नीट मांडलेले. हलगीवाल्याचा हात हवेतच थांबला.

"भावजी, खाली उतरा," ती म्हणाली. "ट्रॅक्टरवर वाकून ओवाळायला मी काय शिडी आणू?"

जयराज उतरला. तिने त्याच्या कपाळावरचा गुलाल पदराने पुसला, तिथे कुंकू लावले आणि सावकाश तीनदा ओवाळले. मग जयराज खिसे चाचपू लागला. खिशात गुलालाशिवाय काही नव्हते. आणि आपला पुतण्या, धोंडिराम, तू त्याला ओळखतोस, त्याला गप्प बसवत नाही. छाती काढून म्हणाला, "वैनी, खिसा रिकामा हाय पर गाव आपलं हाय. मागा काय मागायचं त्ये!"

"बगा हं. चारचौघांत बोलताय."

"शब्द म्हंजी शब्द!"

"मग भक्तनिवासाची किल्ली घाला ताटात. वर्षातनं सात दिस उघडतंय, बाकी वर्षभर उंदरं राहत्यात. गावच्या चौदा पोरी भरतीचा अभ्यास करत्यात, त्या यष्टीच्या थांब्यावर बसत्यात. त्यास्नी बसू द्या."

"दिली!" जयराज गरजला. आणि मग त्याने माझ्याकडे पाहिले.

कारण किल्ली कुठे असते, तुला माहीत आहेच. माझ्या करगोट्याला. नव्या सरपंचाने ओवाळणीत दुसऱ्याच्या कमरेची किल्ली टाकली!

सगळे गाव माझ्या पोटाकडे पाहत होते. मी 'देवस्थानच्या पंचांपुढे विषय ठेवतो' असे काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो. पंच मीच आहे, हे गाव जाणते. बाकीचे चौघे माझ्या मानेकडे पाहून मान हलवतात.

तर प्रश्न असा. दुसऱ्याच्या वस्तूवर दिलेला शब्द त्या दुसऱ्याला बांधतो काय? आणि त्याहून अवघड प्रश्न: जिला पाडण्यासाठी मी घसा कोरडा केला, तिचे मला गेले दोन दिवस कौतुक वाटते आहे. जपाला बसलो तरी ते ताट डोळ्यांपुढे येते आणि हसू येते. हे योग्य की अयोग्य?

तुझी वहिनी शालूबाई म्हणते, मी हा प्रश्न तुला विचारण्यामागे काही वेगळे आहे. तिचे मनावर घेऊ नकोस.

आशीर्वाद तूर्त राखून ठेवतो.

नाथाजी


पौष शुद्ध पंचमी

धोंडिराम,

तुझे उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मी ओसरीवर येतो, हे खरे.

गावात मला तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. न्हाव्याकडे बसलो तर तो विचारतो, "गुरुजी, किल्लीचं काय झालं?" पिठाच्या गिरणीत तेच. जयराज तर रोज सकाळी येऊन उंबऱ्यावर बसतो. "तात्या, माझी पहिलीच ग्रामसभा हाय वो. बाया समोर बसणार. काय तोंडानं बसू?" मी म्हणालो, "ज्या तोंडाने दिलीस त्याच." त्यावर शालूबाई आतून म्हणाली, "त्याचं तोंड तरी दिसतंय. तुमी आठ दिस झालं पोथीत तोंड घालून बसलाय."

ते खरे आहे. नकार देण्याला आधार शोधत होतो. दान, प्रतिज्ञा, देवस्व यांवर जे जे घरात आहे ते सगळे चाळले.

काल भाऊसो आले. पंचांतले सर्वांत कडवे. म्हणाले, "गुरुजी, हरलेल्या बाईचं ऐकायचं व्हय? सोपं हाय. एखादी गंजकी किल्ली ताटात टाका. लागली न्हाई तर कुलपाचा दोष." मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. देवाच्या दारी खोटी किल्ली द्यायची? असे म्हणालो खरा, पण म्हणताना माझा आवाज हवा तितका चढला नाही. त्याचे कारण आज लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र आज लिहायलाच हवी. मागच्या पत्रात मी 'मिरवणूक तिच्या दारात कशी थांबली, कोण जाणे' असे लिहिले. ते मी जाणतो. हलगीवाल्याच्या कानात मीच सांगितले होते, "तिच्या दारात जरा जोरात." आठ सभांत तिने मला एकदाही उलट उत्तर दिले नव्हते, प्रत्येक वेळी हात जोडून 'गुरुजींचा अभ्यास मोठा' एवढेच म्हणाली होती. त्या नम्रतेचा मला राग आला होता. तिला एकदा तरी चिडलेली पाहायचे होते. सत्तराव्या वर्षी ही माझी मनःशांती.

म्हणून आज सकाळी मीच तिच्याकडे गेलो. ती यष्टीच्या थांब्यावर सापडली. बादली, उलथने आणि पदर खोचलेला. भिंतीवरची प्रचारपत्रके खरवडत होती.

"गुरुजी, जरा पुढं सरका, पाणी उडंल," ती म्हणाली. कंडक्टरकी गेली, सवय जात नाही.

मी म्हणालो, "तुझी पत्रके काढतेस, ते समजले. जयराजची का काढतेस?"

"आवं, ते आता रोज समक्षच दिसणार हायत. फोटू कशाला?"

मी हसू आवरले आणि विषय काढला. म्हटले, "फक्त अकरा मतांचा फरक. फेरमोजणी का नाही मागितलीस?"

"मी समोरच हुते की मोजताना. तिकिटं आन् माणसं जुळली की घंटी मारायची, गाडी सोडायची. मागं बगत बसलं तर पुढचा थांबा चुकतोय."

"किल्लीऐवजी दुसरे काही माग. थांब्याला पत्रा घालून देतो, बाक देतो."

"गुरुजी, ओवाळणी बदलून मिळती व्हय? तिकीट फाडलं की फाडलं."

"तुझी मते मला मान्य नाहीत, संयोगिता."

"मलाबी तुमची न्हाईत. पर तुमच्या एकादशीच्या प्रवचनाला मी येती. लय चांगलं कळतं. पटत न्हाई." उलथने बादलीत टाकून ती वळली. "आन् हे मी माझ्यासाठी मागत न्हाई. तुमच्या पायलपास्नं माझ्या डोक्यात हाय."

तुझ्या लेकीचे, पायलचे, नाव मी नऊ वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. माझ्यासमोर कोणी घेत नाही.

मग तिने सांगितले. तू जे सांगितले नाहीस ते. मी किल्ली नाकारल्यावर पायल रोज सकाळी सहा-दहाच्या गाडीने साताऱ्याला जायची आणि त्याच गाडीने परत यायची. पुन्हा दुपारच्या फेरीला तेच. साताऱ्यात तिचे काही काम नसे. ती कुठे उतरतच नसे. शेवटच्या बाकावर बसून अभ्यास करायची, कारण गाडीत बसायला जागा होती आणि कोणी उठवत नव्हते. अडीच वर्षे. संयोगिता थांब्याथांब्याला मागे जाऊन तिला प्रश्न विचारायची. "कोरेगाव येईस्तवर उत्तर आलं न्हाई तर उतरवीन म्हणायची मी. कवा उतरवायची पाळी आली न्हाई."

ती पायल आज शिरवळला फौजदार आहे, हे मला वर्तमानपत्रातून कळले होते. ती यष्टीच्या शेवटच्या बाकावर फौजदार झाली, हे आज कळले.

मी घरी आलो तेव्हा शालूबाईने विचारले, "काय म्हणाली?" मी म्हणालो, "पुढे सरका म्हणाली."

नाथाजी


पौष शुद्ध दशमी

धोंडिराम,

उद्या एकादशी. देवळात माझे प्रवचन आहे. तिथे जे बोलणार ते आधी तुला कळले पाहिजे. गावाआधी तुझा हक्क आहे.

तो दिवस आठव. देवळाच्या पायरीवर तू उभा होतास, पलटणीतून निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते. पायल तुझ्यामागे, वह्या छातीशी धरून. पारावर वीसेक माणसे. तू म्हणालास, "आण्णा, भक्तनिवास रिकामं हाय. पोरीला बसू दे. घरात जागा न्हाई." मी म्हणालो, देवाच्या आवारात मुलीने महिन्याचे तीसही दिवस राहणे शास्त्राला मान्य नाही. तू म्हणालास, "कुठं लिवलंय?" आणि मी डोळे मिटून एक श्लोक म्हणालो.

तू हात जोडलेस. वरच्या अधिकाऱ्याशी तू भांडलास, पण संस्कृताशी भांडला नाहीस. पायलने वह्या पिशवीत घातल्या. तुम्ही दोघे पायऱ्या उतरलात आणि त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलला नाहीस.

धोंडिराम, तो श्लोक कोणत्याही पोथीत नाही. तो मी त्याच क्षणी रचला.

नऊ वर्षे मी तो शोधतो आहे. आशा ही की कोणत्या तरी जुन्या बाडात तो, किंवा त्याच्या आसपासचे काहीतरी सापडेल आणि मी नकळत खरा ठरेन. या आठवड्यात शेवटचे बाड संपले. नाही. छंद मात्र निर्दोष होता, चारही चरण आठ-आठ अक्षरांचे. खोटे बोलतानाही माझे एक अक्षर चुकले नाही, याचा त्या दिवशी मला, लाज वाटते लिहायला, थोडा अभिमानही वाटला होता.

का रचला? 'लोक काय म्हणतील याचे मला भय वाटते' असे पारावर म्हणायला धैर्य लागते. मी माझे भय देवाच्या तोंडी घातले, आणि देव बिचारा उलट बोलत नाही.

आता कळले असेल, भाऊसोंच्या खोट्या किल्लीवर माझा आवाज का चढला नाही. आणि संयोगिताचे कौतुक करणे मला इतके जड का जात होते. तिचा विचार मला आजही चुकीचा वाटतो. पण ती गावासमोर हरली तेव्हा जे होते ते म्हणाली आणि ताट घेऊन बाहेर आली. मी गावासमोर जिंकलो होतो तो एका खोट्या श्लोकावर. तिच्या मताला विरोध करीत राहीन. पण तिच्यापुढे उभे राहायचे असेल तर मला आधी ती उंची गाठायला हवी.

तो श्लोक इथे लिहीत नाही. खोट्याची दुसरी प्रत नको.

नाथाजी


पौष वद्य तृतीया

धोंडिराम,

तुझे कार्ड आले. नऊ वर्षांत तीन वाक्ये, तीही पलटणीच्या शिस्तीची: "श्लोक मला अजून पाठ आहे. इथे सांगलीत दोघांना सांगितला. आता त्या दोघांना काय सांगू?"

मी ओसरीवर इतका हसलो की पोस्टमन परत फिरून पाहू लागला. शालूबाई धावत बाहेर आली. तिला कार्ड वाचून दाखवले तर ती पायरीवर बसून हसली आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. त्या दोघांना सांग, कवी अजून जिवंत आहे, तक्रार त्याच्याकडे पाठवावी.

आता एकादशीची हकिकत. देऊळ भरले होते. मी गादीवर न बसता पायरीवर उभा राहिलो, जिथे तू उभा होतास तिथे, आणि सगळे सांगितले. मग खांबाला टेकलेल्या रंगुबाई, वय वर्षे पंच्याऐंशी, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मग गुरुजी, बाकीच्यातलं कंचं कंचं तुमचं?"

देऊळ हसण्याने असे भरले की घंटा आपोआप वाजेल असे वाटले. मी शपथेवर सांगितले, एकच. रंगुबाई म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या. एवढं चालतंय. आमी तर रोज बोलतो."

भाऊसो मात्र उठून गेले. ते पंचपदाचा राजीनामा देणार म्हणतात. द्यावा, त्या जागी बाई घ्यावी की काय, याचा मी विचार करतो आहे. हे भाऊसोंना कळले तर ते राजीनामा मागे घेतील, म्हणून तूर्त बोलत नाही.

घरी आल्यावर शालूबाई शांतपणे म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं."

"काय?"

"तुमी खरा श्लोक म्हणताना समोर बगता. खोटं बोलताना डोळं मिटता. लग्नापास्नं बगत आली."

"मग नऊ वर्षे बोलली का नाहीस?"

"आवं, तुमी कवा डोळं उघडताय, वाट बघत हुते."

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वादशीचे पारणे करून मी, जयराज आणि निम्मे गाव संयोगिताच्या दारी गेलो. हलगीवाला आला. या वेळी त्याच्या कानात काही सांगावे लागले नाही. मी म्हणालो, "संयोगिता, ताट आण." तिने पुन्हा निरांजन लावले. जयराजला ओवाळले आणि मग, मी नको नको म्हणत असता, मलाही. मी करगोट्याची किल्ली सोडली. तीस वर्षे तिथे होती, धोंडिराम. सोडल्यावर कंबर हलकी झाली आणि धोतर सैल. एका हाताने किल्ली, एका हाताने धोतर, अशा थाटात माझी ओवाळणी ताटात पडली.

भक्तनिवासाचे कुलूप मात्र यंदाच्या पावसाळ्यात गंजून आखडले होते, माझ्या हाताने उघडेना. जयराजने जोर लावला, कृष्णात ड्रायव्हरने ग्रीस आणले. जमेना. संयोगिता म्हणाली, "सरका," किल्ली घातली, दार आपल्याकडे ओढले आणि फिरवली. उघडले. "यष्टीची दारंबी अशीच असत्यात," ती म्हणाली. चौदा मुली आत शिरल्या. अर्ध्या तासात झाडून, पुसून, सतरंज्या टाकून त्या वाचायला बसल्या आणि त्यांनी आम्हाला गोंगाट करू नका म्हणून बाहेर काढले. देवस्थानच्या प्रमुख पंचालाही. मी पारावर बसून राहिलो. आतून पाने उलटल्याचा आवाज येत होता. इतका सुखाचा जप मी फार वर्षांत ऐकला नव्हता.

जाताना संयोगिताने विचारले, "गुरुजी, पुढच्या इलेक्शनला मला मत देणार का?"

"नाही," मी म्हणालो. समोर पाहून म्हणालो.

"मग च्या तरी घ्या."

दोन कप प्यालो. यात्रेच्या ग्रामनिधीवरून तासभर वादही घातला. तिसऱ्या मुद्द्यावर ती चिडली. शेवटी चिडली! पहिल्या पत्रातल्या माझ्या कौतुकाच्या अवघड प्रश्नाचे उत्तर त्या दुसऱ्या कपाशी मिळाले. तुला वेगळे कळवण्याची गरज नाही.

या पाकिटात काहीतरी कडक लागले असेल. साताऱ्यातून किल्लीची दुसरी प्रत करून आणली, ती कापडात शिवून घातली आहे. ही पायलची. ती शिरवळहून कधीही येवो, कोणालाही न विचारता येवो. आतल्या मुलींना प्रश्न विचारायला कंडक्टर आहेच, फौजदारही हवा. आणि तिच्या बापालाही दार मोकळे आहे.

कुलूप जुने आहे. किल्ली घातल्यावर आधी दार आपल्याकडे ओढायचे, मग फिरवायची. मला हे शिकायला नऊ वर्षे लागली.

तुम्हा सर्वांना अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझा आण्णा
नाथाजी